कायद्याआधीची पंधरा वर्षे: मेरीलँडमधल्या धर्मस्वातंत्र्याचे प्रकरण

जुलै १६३८. चेसापीक उपसागराकाठच्या मेरीलँड वसाहतीत जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री थॉमस कॉपली यांच्या मळ्यावर दोन करारबद्ध नोकर मोठ्याने प्रवचने वाचत बसले होते. नोकर प्रोटेस्टंट, प्रवचनेही प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची. त्यांत पोपला ख्रिस्तविरोधी म्हटले होते. मळ्याचा मुकादम विल्यम लुईस कॅथलिक होता. त्याने ते ऐकले आणि हे सगळे सैतानाचे खोटे आहे, प्रोटेस्टंट धर्मोपदेशक म्हणजे सैतानाचेच चाकर, असे सुनावून असली पुस्तके मळ्यावर वाचायची नाहीत असा दम भरला.

प्रकरण कोर्टात गेले. न्यायासनावर गव्हर्नर लेनर्ड कॅल्व्हर्ट, कॅप्टन थॉमस कॉर्नवॉलीस आणि सचिव जॉन ल्यूगर होते. तिघेही कॅथलिक. वसाहतीचा मालकही कॅथलिक, आणि मळा तर खुद्द पाद्र्याचा. तरी लुईस दोषी ठरला. ५०० पौंड तंबाखूचा दंड आणि पुढच्या चांगल्या वागणुकीसाठी जामीन, अशी शिक्षा झाली. तंबाखू हेच तिथले चलन होते आणि ५०० पौंड म्हणजे एका माणसाने वर्षभर राबून काढलेल्या पिकाचा मोठा हिस्सा. कॉपली यांनीही आपल्या मुकादमाची बाजू घेतली नाही, उलट त्याच्या बेताल आवेशाला दोष दिला. दंड कशासाठी, हे कोर्टाने स्पष्ट केले होते: धर्मावरून वाद घालायला बंदी करणारी जाहीर आज्ञा लुईसने मोडली.

हे घडले तेव्हा मेरीलँडमध्ये धर्मस्वातंत्र्याचा कोणताही कायदा नव्हता. तो व्हायला आणखी अकरा वर्षे होती. अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याची गोष्ट सांगताना १६४९ च्या त्या कायद्यापासून सुरुवात करायची प्रथा आहे. आमच्या मते हे प्रकरण उलट्या टोकाकडून वाचायला हवे. कायदा होण्याआधीची पंधरा वर्षे जी वागणूक चालू होती ती कायद्यापेक्षा रुंद होती. कायदा करावा लागला तो ती वागणूक तुटायला लागल्यावर, आणि लिहिताना ती अरुंद झाली.

मालक अल्पसंख्य, रयत बहुसंख्य

इंग्लंडमध्ये १५८१ च्या कायद्याने अँग्लिकन, म्हणजे सरकारी प्रोटेस्टंट, चर्चला न जाणाऱ्यास महिन्याला २० पौंड दंड होता. १५८५ पासून कॅथलिक पाद्री म्हणून देशात येणे हाच राजद्रोह ठरत असे. जॉर्ज कॅल्व्हर्ट राजाचे मंत्री होते. १६२५ मध्ये त्यांनी आपण कॅथलिक असल्याचे जाहीर केले आणि पद सोडले. न्यूफाउंडलंडमधली त्यांची अॅव्हलॉन ही वसाहत थंडीने जगू दिली नाही. १६२९ मध्ये ते व्हर्जिनियाला गेले, तर राजाला चर्चचा प्रमुख मानण्याची शपथ त्यांना घेता येईना आणि तिथून निघावे लागले. त्यांनी मागितलेली सनद हाती पडायच्या आत, एप्रिल १६३२ मध्ये, ते वारले. सनद २० जून १६३२ रोजी मुलाच्या, सिसिल कॅल्व्हर्ट म्हणजे दुसरे लॉर्ड बाल्टिमोर यांच्या नावाने निघाली.

या सनदेत धर्मस्वातंत्र्य हा शब्द नाही. पोटोमॅक नदीच्या उत्तरेचा प्रदेश ४० व्या अक्षांशापर्यंत मालकीने दिला होता. मोबदला म्हणून दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात विंडसरच्या किल्ल्यात तिथल्या मूळ रहिवाशांचे दोन बाण पोचवायचे आणि सोने-चांदी सापडल्यास पाचवा हिस्सा द्यायचा. चर्च बांधण्याचा अधिकार मालकाला होता, पण ती इंग्लंडच्या धार्मिक कायद्यांप्रमाणे अर्पण व्हावीत अशी अट होती. सनदेचा अर्थ लावताना देवाच्या खऱ्या ख्रिस्ती धर्माला बाध येऊ नये, हेही त्यात होते. म्हणजे कॅथलिक राज्य उभारायला ही सनद परवानगी देत नव्हती. अँग्लिकन चर्च सरकारी खर्चाने चालवलेच पाहिजे, असेही ती म्हणत नव्हती. बाल्टिमोर यांनी सगळी रचना या मोकळ्या फटीत बसवली.

माणसे कुठून आणायची हा खरा प्रश्न होता. पैसेवाल्या इंग्रज कॅथलिकांना घरदार सोडण्याची निकड नव्हती, गरीब कॅथलिक मुळात थोडे. ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ या दोन जहाजांतून सुमारे १४० माणसे निघाली. त्यांत भांडवल घालणारे जे सतरा प्रतिष्ठित गृहस्थ होते ते बहुतेक कॅथलिक, आणि नांगर-कुऱ्हाड चालवणारे बहुतेक प्रोटेस्टंट. ऑक्टोबर १६३३ मध्ये टेम्स नदीत सरकारी अधिकाऱ्याने १२८ जणांकडून राजनिष्ठेची शपथ घेतली. पोपचा अधिकार नाकारणारी ती शपथ कॅथलिकांना अडचणीची होती. जेझुइट पाद्री अँड्र्यू व्हाइट आणि त्यांचे सोबती जहाजावर चढले ते पुढे, वाइट बेटावरच्या काउज बंदरात. २२ नोव्हेंबरला तिथून शिडे उभारली आणि २५ मार्च १६३४ रोजी पोटोमॅकमधल्या सेंट क्लेमेंट बेटावर पहिली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, झाली.

पहिल्या कलमातले मौन

निघण्यापूर्वी, १३ नोव्हेंबरला, सिसिल यांनी भाऊ लेनर्ड व इतर अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिल्या. पहिलीच सूचना धर्माची आहे. प्रोटेस्टंटांना खटकेल असे काही होऊ देऊ नये. कॅथलिक उपासना शक्य तितकी खासगीत करावी. धर्माचा विषय निघाला की कॅथलिकांनी गप्प राहावे. प्रोटेस्टंटांना न्यायात बसेल तितक्या सौम्यतेने वागवावे. आणि हे जहाजावर जसे पाळायचे तसेच जमिनीवरही.

यातला बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. गप्प बसण्याचा भार सत्ताधाऱ्यांच्या धर्मबांधवांवर टाकला आहे. असे करण्यात उदारपणा होता तसाच हिशेबही होता. एखाद्या नोकराची तक्रार लंडनला पोचली असती तर सनदच धोक्यात आली असती. व्हर्जिनियातले विल्यम क्लेबोर्न यांचे केंट बेटावर आधीपासून व्यापारी ठाणे होते आणि ते असल्या तक्रारीची वाटच पाहत होते.

उरलेली यंत्रणा जमिनीची होती. पाच धडधाकट पुरुष घेऊन येणाऱ्याला २,००० एकर आणि वर्षाला ४०० पौंड गव्हाचा खंड. त्याहून कमी माणसे आणणाऱ्याला स्वतःसाठी, बायकोसाठी आणि प्रत्येक नोकरामागे १०० एकर, सोळा वर्षांखालच्या मुलामागे ५०. धर्माची अट कुठेच नाही. चर्चसाठी कर नाही, पाद्र्याला सरकारी पगार नाही. ज्याला धर्मगुरू हवा त्याने तो आपल्या खर्चाने पोसावा. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच दशकात मताचा हक्क चर्चच्या सभासदांपुरता ठेवला गेला होता आणि व्हर्जिनियात अँग्लिकन चर्चसाठी तंबाखूत कर घेतला जात होता. शेजारची ही स्थिती पाहिली म्हणजे, मेरीलँडमध्ये काय नव्हते हेच किती मोठे होते ते कळते.

लुईसचा दंड या यंत्रणेची पहिली परीक्षा. दुसरी मार्च १६४२ मध्ये झाली. थॉमस जेरार्ड या बड्या कॅथलिक जमीनदाराने प्रोटेस्टंट वापरत असलेल्या चॅपेलची किल्ली काढून घेतली आणि तिथली पुस्तके नेली. प्रोटेस्टंटांनी असेंब्लीकडे, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाकडे, दाद मागितली. निकाल असा: किल्ली व पुस्तके परत करावीत, त्या जागेवरचा हक्क सोडावा आणि ५०० पौंड तंबाखू दंड भरावा. दंडाची रक्कम मालकाच्या तिजोरीत न जाता पुढे जो पहिला प्रोटेस्टंट धर्मोपदेशक येईल त्याच्या निर्वाहासाठी राखून ठेवायची होती. कॅथलिकाच्या दंडातून प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा पगार, आणि तोही कॅथलिक सरकारच्या हुकमाने! त्या काळात इंग्रजी राज्यात अशी दुसरी जागा दाखवता येणे कठीण आहे.

तिसरी परीक्षा सर्वात अवघड, कारण ती आपल्याच माणसांशी होती. जेझुइटांनी पटक्सेंट टोळीच्या प्रमुखाकडून मॅटापनी येथे परस्पर जमीन घेतली होती. धर्मगुरूंना युरोपातल्या कॅथलिक देशांत मिळणाऱ्या सवलती इथेही मिळाव्यात असे त्यांचे म्हणणे होते. बाल्टिमोर यांनी ठाम नकार दिला. १६४१ च्या जमीनविषयक अटींत मालकाच्या परवानगीशिवाय कोणत्याही धार्मिक संस्थेला जमीन धारण करता येणार नाही असे घातले आणि जेझुइटांऐवजी कोणत्याही संघाचे नसलेले साधे पाद्री मिळावेत म्हणून रोमकडे खटपट केली. पाद्री दुखावले. पण चर्चला वेगळी जमीन आणि वेगळा कायदा दिला असता तर प्रोटेस्टंट रयतेचा विश्वास एका दिवसात गेला असता.

कुठे तुटले

मेरीलँडच्या आत एवढा तोल सांभाळला तरी त्याचा खालचा आधार इंग्लंडमध्ये होता आणि तिथे १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. फेब्रुवारी १६४५ मध्ये पार्लमेंटच्या बाजूचा जहाजमालक रिचर्ड इंगल सेंट मेरीजवर चालून आला. मळे लुटले गेले, अँड्र्यू व्हाइट आणि कॉपली यांना बेड्या घालून इंग्लंडला नेले, गव्हर्नर व्हर्जिनियात पळाले. तिथे हा काळ ‘लुटीचा काळ’ म्हणूनच ओळखला जातो. लेनर्ड कॅल्व्हर्ट १६४६ च्या अखेरीस सैनिक घेऊन परतले आणि जून १६४७ मध्ये वारले. सैनिकांचा पगार थकला होता. लेनर्डच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या मार्गारेट ब्रेंट यांनी बाल्टिमोर यांची गुरे विकून तो भागवला आणि दुसरे बंड टळले.

पुढच्या वर्षी बाल्टिमोर यांनी दोन गोष्टी केल्या. विल्यम स्टोन या प्रोटेस्टंटाला गव्हर्नर नेमले. ५०० नवे वसाहतकार आणण्याची हमी त्याने दिली होती. त्याच्या शपथेत घातले की येशू ख्रिस्तावर श्रद्धा असणाऱ्या कोणालाही, विशेषतः रोमन कॅथलिकाला, धर्मावरून त्रास देणार नाही. ‘विशेषतः’ हा शब्द सारे सांगून जातो. पंधरा वर्षांपूर्वी संरक्षण प्रोटेस्टंटांना द्यायचे होते, आता ते कॅथलिकांना लागणार होते. दुसरे म्हणजे १६ कायद्यांचे मसुदे मंजुरीसाठी असेंब्लीकडे पाठवले. त्याच सुमारास व्हर्जिनियात अँग्लिकन गव्हर्नरच्या जाचाला कंटाळलेले प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे लोक, मेरीलँडला यायला निघाले आणि सेव्हर्न नदीकाठी, आजच्या अॅनापोलिसजवळ, त्यांनी प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले.

२१ एप्रिल १६४९ रोजी असेंब्लीने धर्मविषयक कायदा मंजूर केला. राजाचा शिरच्छेद होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

कायदा क्रमाने वाचला तर सुरुवातीलाच धक्का बसतो. पहिले कलम मृत्युदंडाचे आहे. देवाची निंदा करणारा, येशू देवाचा पुत्र आहे हे नाकारणारा किंवा पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणारा मृत्यू आणि मालमत्तेच्या जप्तीस पात्र. पार्लमेंटने आदल्या वर्षी ईशनिंदेविरुद्ध काढलेल्या हुकमाचा वास याला आहे. लंडनमधल्या नव्या राज्यकर्त्यांना कायदा पसंत पडावा म्हणून हे डोक्यावर ठेवले असावे. पुढची कलमे अशी:

- पवित्र मरिया, प्रेषित किंवा शुभवर्तमानकार यांची निंदा: पहिल्यांदा ५ पौंड, दुसऱ्यांदा १० पौंड, तिसऱ्यांदा मालमत्ता जप्त व हद्दपारी.
- कोणाला हिणवण्यासाठी पाखंडी, मूर्तिपूजक, प्युरिटन, जेझुइट, पोपवादी, ल्यूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी, राउंडहेड अशा शब्दांनी हाक मारणे: १० शिलिंग, त्यातले निम्मे ज्याला हिणवले त्याला. पैसे नसतील तर जाहीर फटके आणि त्या व्यक्तीची उघड माफी मागेपर्यंत तुरुंग.
- रविवारी शपथा घालणे, दारू पिऊन धिंगाणा, अनावश्यक काम: अडीच, मग पाच, मग दहा शिलिंग.

आणि मग ते प्रसिद्ध कलम. येशू ख्रिस्तावर श्रद्धा असल्याचे सांगणाऱ्या कोणालाही त्याच्या किंवा तिच्या धर्माबद्दल, आणि धर्माच्या मुक्त आचरणाबद्दल, त्रास दिला जाणार नाही किंवा सक्तीने दुसरा धर्म मानायला लावले जाणार नाही. कोणी तसे केले तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वर २० शिलिंग दंड.

तिप्पट भरपाईची ही तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. कारण इथे धर्मस्वातंत्र्य मालकाची मर्जी राहत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला कोर्टात जाऊन वसूल करता येईल असा तो हक्क होतो. हिणवण्याच्या शब्दांची यादीही वाटते तितकी किरकोळ नाही. १६३३ च्या सूचनेतले मौन आता सगळ्यांवर बंधनकारक झाले. पण संरक्षणाची रेघ ‘येशू ख्रिस्तावर श्रद्धा’ या शब्दांपाशी थांबली. आधीच्या पंधरा वर्षांत ती कुठे थांबते हे कोणी लिहूनच ठेवले नव्हते.

रेघेच्या बाहेरचा डॉक्टर

जेकब लुंब्रोझो हे लिस्बनचे ज्यू डॉक्टर १६५६ च्या सुमारास मेरीलँडला आले. पोर्तुगालमधल्या ज्या इन्क्विझिशनपासून, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या कॅथलिक यंत्रणेपासून, अशी कुटुंबे पळत होती, त्याचेच न्यायालय गोव्यात १५६० पासून बसत होते. लुंब्रोझो उघडपणे राहत, वैद्यकी करत, व्यापार करत. एका घरी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर त्यांना खोदून विचारले गेले. त्यांनी सांगितले की शिष्यांनी देह नेला असेल आणि चमत्कार जादूनेही होतात. २३ फेब्रुवारीला त्यांना ईशनिंदेच्या आरोपाखाली कोर्टापुढे उभे केले. दप्तरात साल १६५८ आहे. इंग्रजी वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून आपल्या हिशेबाने ते १६५९. विचारले म्हणून ज्यू काय मानतात ते सांगितले, टवाळी केली नाही, असा त्यांचा जबाब होता. कायद्यानुसार शिक्षा एकच होती. दहा दिवसांत इंग्लंडचा नवा सत्ताधीश रिचर्ड क्रॉमवेल याच्या सत्तारोहणानिमित्त सर्वसाधारण माफी जाहीर झाली आणि ते सुटले. पुढे त्यांना नागरिकत्वाचे हक्क आणि जमीन मिळाली. पण त्यांना सोडवले ते कायद्याने नव्हे.

रेघेबाहेर इतरही होते. पिस्काटावे व याओकोमिको या मूळ रहिवाशांच्या श्रद्धांना या कायद्यात जागाच नव्हती. पाद्री त्यांना धर्मांतराचे क्षेत्र समजत. १६७१ च्या कायद्याने गुलामांचा बाप्तिस्मा झाला तरी गुलामी सुटणार नाही असे ठरवले. धर्म मिळेल, मोकळीक नाही. क्वेकर या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी शपथ घेणे आणि शस्त्र धरणे नाकारले, तेव्हा १६५९ मध्ये त्यांच्या भटक्या प्रचारकांना फटके मारून हाकलण्याचे हुकूम निघाले. कारण धर्माचे नव्हे, सरकार न मानण्याचे दाखवले गेले. ही पळवाट पुढेही वारंवार वापरली गेली.

पाच वर्षांत रद्द

प्युरिटनांना आसरा मिळाला तो याच धोरणामुळे. पण क्लेबोर्न आणि रिचर्ड बेनेट हे पार्लमेंटचे आयुक्त म्हणून आले आणि १६५४ मध्ये स्टोन यांना पदावरून खाली उतरवले. ऑक्टोबरमधल्या नव्या असेंब्लीत कॅथलिकांना निवडून येण्याची आणि मत देण्याची मनाई होती. तिने १६४९ चा कायदा बाजूला सारून नवा केला: ख्रिस्तावर श्रद्धा असणाऱ्यांना संरक्षण, मात्र ते पोपच्या धर्माला किंवा बिशपांच्या व्यवस्थेला नाही. कॅथलिक आणि अँग्लिकन दोघेही बाहेर.

स्टोन यांनी माणसे जमवली आणि २५ मार्च १६५५ रोजी सेव्हर्नकाठी लढाई झाली. विल्यम फुलर यांच्या प्युरिटन तुकडीने व ‘गोल्डन लायन’ या व्यापारी जहाजाच्या तोफांनी त्यांचा धुव्वा उडवला. शरण आलेल्यांपैकी दहा जणांना मृत्युदंड सुनावला, चौघांचा अंमलात आणला.

तरी बाल्टिमोर यांनी वसाहत परत मिळवली. लढून नव्हे, लंडनमध्ये चिकाटीने वाटाघाटी करून. ३० नोव्हेंबर १६५७ च्या करारात त्यांनी प्युरिटनांना माफी आणि जमिनीचे हक्क दिले आणि १६४९ चा कायदा रद्द करायला आपण कधीही संमती देणार नाही असे वचन दिले. हे वचन विरुद्ध पक्षालाही हवे होते, हे विशेष. कॅथलिक मालक परत आल्यावर आपले काय, ही भीती आता त्यांना होती.

पुढची तीस वर्षे कायदा टिकला. फ्रान्सिस फिट्झहर्बर्ट या जेझुइटावर, बायको-मुलांना कॅथलिक चर्चमध्ये आण नाहीतर बहिष्कृत करीन अशी धमकी दिल्याचा खटला झाला. ज्याला धमकी दिली तो १६४२ च्या किल्लीवाला जेरार्डच! त्याची बायको प्रोटेस्टंट होती. उपदेश करणे हा धर्माच्या मुक्त आचरणाचाच भाग आहे हा बचाव १६६२ मध्ये कोर्टाने मानला.

रोग दुसरीकडे वाढत होता. चर्चसाठी कर नसल्याने अँग्लिकनांना धर्मोपदेशक मिळेनात. १६७६ मध्ये दहा काउंट्यांना जेमतेम तीन-चार होते. क्वेकरांची सभा खर्चाशिवाय चालते, जेझुइटांना स्वतःचे मळे असतात, पण अँग्लिकन धर्मोपदेशकाला पगार लागतो. सर्वांना सारखी वाटणारी व्यवस्था त्यांना रिकामे चर्च देत होती. त्यात तिसरे लॉर्ड चार्ल्स कॅल्व्हर्ट यांनी मोठी पदे नातलगांना आणि कॅथलिकांना वाटली आणि १६७० मध्ये मताचा हक्क ५० एकर जमीन किंवा ४० पौंडांची मालमत्ता असणाऱ्यांपुरता आवळला. सिसिल यांनी जपलेली मूळ खबरदारी, सत्ताधाऱ्याच्या धर्मबांधवांनी मागे राहायचे, ती मुलाने सोडली. नोकऱ्या आणि करांबद्दलची नाराजी मग धर्माच्या भाषेत बोलू लागली.

१६८९ मध्ये विल्यम आणि मेरी गादीवर आले. त्यांची द्वाही फिरवण्याचा बाल्टिमोर यांचा आदेश घेऊन निघालेला दूत वाटेत वारला आणि मेरीलँडमध्ये घोषणाच झाली नाही. जॉन कूड आणि त्याच्या प्रोटेस्टंट बंडखोर साथीदारांना एवढे पुरले. जुलैअखेर त्यांनी सेंट मेरीज घेतले. १६९२ पासून करपात्र माणशी ४० पौंड तंबाखू अँग्लिकन चर्चसाठी वसूल होऊ लागला, १७०२ मध्ये ते चर्च पक्के सरकारी झाले. १७०४ मध्ये सेंट मेरीजचे विटांचे कॅथलिक चॅपेल शेरिफने कुलूप लावून बंद केले आणि आयरिश कॅथलिक नोकर आणणाऱ्यावर माणशी २० शिलिंग कर बसला. १७१५ मध्ये कॅल्व्हर्ट घराण्याला वसाहत परत मिळाली, ती वारस अँग्लिकन झाल्यावर. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार गेला आणि १७५६ मध्ये त्यांच्या जमिनीवर दुप्पट कर लागला.

कॅथलिकांची ही बंधने १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्याने उठली. त्यात ख्रिस्ती धर्म मानणाऱ्या सर्वांना धर्मस्वातंत्र्यात समान संरक्षण मिळाले. शब्द वेगळे, पण रेघ १६४९ चीच. मेरीलँडमध्ये ज्यू माणसाला ख्रिस्ती शपथ न घेता सरकारी पद धारण करता येऊ लागले ते १८२६ मध्ये, लुंब्रोझो कोर्टापुढे उभे राहिल्यानंतर १६७ वर्षांनी. तेव्हाही, परलोकात कर्मांचे फळ मिळते यावर श्रद्धा असल्याचे त्याला लिहून द्यावे लागे.